काडीमोडानंतरची चूलपट्टी

भिवराने नवऱ्याशी काडीमोड घेतला आणि वर्षभरात तो वारला. त्याच्या कुलूपबंद घरातून मात्र रोज तिन्हीसांजेला धूर निघायचा. गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे.

चूलपट्टी, म्हणजे दर चुलीमागचा कर, वसूल करायला आलेला अंमलदार भिवरावर गरजला, "दोन्ही चुलींची पट्टी भर, नाहीतर म्हैस जप्त करतो!"

भिवरा शांतपणे म्हणाली, "सरकार, काडीमोडाच्या कागदावर शिक्का तुमचाच आहे. तेव्हापासून त्याची चूल वेगळी. माझी पट्टी मी भरली. त्याची पट्टी चूल पेटवणाऱ्याकडेच मागा."

अंमलदाराने म्हशीचं दावं हातात धरलं आणि तावातावाने जाऊन त्या कुलूपबंद घराचं दार ठोठावलं. आत फुंकणीचा आवाज थांबला.

"थांबा," आतून कुणीतरी म्हणालं, "दार उघडतो."

अंमलदार म्हैस तिथेच सोडून पळाला.