पाणी न मागणारं पातं

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की गावाचं नावसुद्धा लोक विसरलेत. ते मला विचारू नका.

त्या गावात रुंझा नावाचा लोहार होता. पात्याला पाणी द्यावं तर रुंझानंच, असं पंचक्रोशीत म्हणायचे. पाणी देणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना? लालभडक पातं पाण्यात बुडवायचं. चर्र होतं, आणि मऊ पातं टणक होतं. रुंझाच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. याहून वेगळं काही असतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एके दिवशी हौसा त्याच्याकडे आली. जोडे शिवून ती पोट भरायची. नवरा नुकताच वारला होता, सासू अंथरुणाला खिळलेली. चामडं कापायची तिची रापी झिजून नखाएवढी उरली होती. तिनं पदराआडून पोलादाच्या दोन पट्ट्या काढल्या.

"रुंझादादा, ह्यांनी लांबच्या व्यापाऱ्याकडून आणल्या होत्या. म्हणायचे, ह्याची रापी जन्मभर पुरेल. एवढंच मागं ठेवून गेलेत बघा."

"मग पुरेलच की! बस इथं, रापी घेऊनच जा," रुंझा ऐटीत म्हणाला.

त्यानं एक पट्टी घडवली, तापवली आणि पाण्यात बुडवली. चर्र झालं, आणि मागोमाग टण्ण! पात्याचे दोन तुकडे झाले.

"मोडलंत! त्यांची आठवण मोडलीत! हात झडोत तुमचे!" हौसा नुसती पेटली.

रुंझा मनातून पार ओशाळला होता. पण ओशाळलेला माणूस कधी सरळ बोलतो का? "अगं, शांत हो. लोखंडच तर होतं. अजून एक पट्टी आहे ना?"

झालं! ते ऐकून बिचारी मटकन खाली बसली आणि ऊर फुटेल अशी रडू लागली.

रुंझाची बायको ठकू भाता सोडून उठली. हौसाजवळ बसली आणि तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये घेतला. ढिला नाही, आवळूनही नाही, नुसता धरून ठेवला. हळूहळू हौसाचे हुंदके थांबले. तिनं डोळे पुसले.

"दादा, तोंडाला येईल ते बोलले मी."

"बोललीस ते बरोबरच होतं, बाई. ह्या परमुलखाच्या पोलादाला पाण्याचा झटका सोसला नाही," रुंझा म्हणाला. पण त्याची नजर अजून त्या हातांवर होती. "ठकू, कोपऱ्यातल्या तांब्याच्या जाड लाद्या आण बरं. दोन्ही आण."

"आता त्या कशाला?"

"तू केलंस तेच करून बघतो."

दुसऱ्या पट्टीला त्यानं हात लावला नाही. मोडक्या पात्याचा एक तुकडा तापवून एका लादीवर ठेवला. खालची बाजू आधी निवली, वरची मागं राहिली. तुकडा विड्याच्या पानासारखा वाकला. मग दुसरा तुकडा तापवला. तो लादीवर ठेवताक्षणी वर दुसरी लादी ठेवली, तिच्यावर लाकडी फळी, आणि फळीवर ठकूनं भार दिला. तुकडा निघाला तो अगदी सरळ. रुंझानं कानस फिरवली, तर ती नुसती घसरली.

"पाणी न पिता टणक झालं की गं हे!" तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

आता शेवटची पट्टी. ती घडवून, तापवून झाली, पण चिमट्यानं ती भट्टीतून बाहेर काढायला रुंझा धजेना.

"करा दादा," हौसा म्हणाली, आणि ठकूच्या शेजारी फळीवर तिनंही आपले हात टेकले.

पातं दोन लाद्यांमध्ये गेलं. दोघींनी फळी दाबून धरली. लादी उचलली, तर पातं जसंच्या तसं, सरळ! मंद आचेवर शेकून रुंझानं त्याला धार लावली. म्हशीचं जाड कातडंही त्या रापीनं एका दमात कापलं. त्या कातड्यातून हौसानं पहिला जोड शिवला, तो ठकूच्या पायांसाठी.

त्यानंतर भट्टीवर कुणी संतापून, रडून आलं, की रुंझा आधी हातोडा खाली ठेवायचा आणि आपले दोन्ही हात पुढं करायचा.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, दुःखानं तापलेल्या माणसावर उपदेशाचं पाणी ओतू नये. त्याला दोन्ही हातांनी धरावं, तो आपोआप निवतो.