निळीचा खडक

माणसाला समुद्र घरात आणून ठेवायची हौस नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका हौशी गृहस्थाने काचेच्या टाकीत खारं पाणी भरलं, प्रवाळाचे खडक रचले आणि पाणी मानवतंय का ते बघायला एक स्वस्तातली निळी मासोळी आधी सोडली. मेली तर मेली! त्या कच्च्या पाण्यात निळीचे कल्ले भाजून निघाले, पण ती तगली. पुढे पाणी निवळलं आणि केशरी माशांची एक जोडी आली.

"ताई, या कपारीत राहू का आम्ही?" केशरीने भीतभीत विचारलं.

"आग मी सोसायची आणि राहायचं तुम्ही? चालते व्हा!"

चालतं होणार कुठे? चहूकडे काचच. निळीने दोघांच्या शेपट्या कुरतडल्या, त्यांना खाण्याजवळ फिरकू दिलं नाही.

शंखात राहणारा म्हातारा खेकडा म्हणाला, "अगं, पाणी सगळ्यांचं एकच आहे."

"असेल. खडक माझा आहे."

शेवटी ती दोघं खडकामागच्या फटीत शिरली, ती बाहेर आलीच नाहीत. गृहस्थाला वाटलं, लपली असतील. निळी ऐटीत सगळ्या कपारी फिरून आली.

मग तिचे कल्ले चुरचुरू लागले. ही जळजळ तिच्या ओळखीची होती. फटीत कुजत पडलेल्या त्या दोघांनी पाणी नासवलं होतं.

निळी धापा टाकत फटीपाशी गेली आणि ओरडली, "चालते व्हा! चालते व्हा इथून!"

पण आता ती दोघं कोणाचंच ऐकणार नव्हती.