सरकारी बांग

वाघ भर दुपारी उठायचा आणि तरी राजा म्हणवायचा, त्या काळची गोष्ट. तुरेबुवा कोंबडा पहाटे सूर्याला बांग दिल्याशिवाय दाणा टिपत नसे. पण घुबडीण चंद्राला मानते नि बेडूक पावसाला, हे त्याच्या डोळ्यांत खुपायचं. शेवटी तो वाघाकडे गेला.

"महाराज, हुकूम काढा! सगळ्यांनी सूर्यालाच मानायचं, तेही बांग देऊन."

"काढला," वाघ जांभई देत म्हणाला.

दुसऱ्या पहाटे तुरेबुवाने ऐटीत मान उंचावली, तोच लांडगा शिपाई धावत आला. "गप्प! बांग आता सरकारी झालीय. महाराज उठले की दुपारी द्यायची. आधी महाराजांचा जयजयकार, मग सूर्याचा."

"अहो, पण सूर्य तर उगवतोय!"

"त्याला थांबायला सांगा."

पूर्वेला तांबडं फुटलं. तुरेबुवाचा जीव कासावीस झाला. इकडेतिकडे बघत तो वडाच्या ढोलीशी आला. "घुबडीणबाई, जरा आत येऊ?"

घुबडीण सरकून बसली. "या बुवा. बेडूकमंडळीही इथंच आहेत. फक्त बांग हळू द्या हं, बाहेर तुमचा हुकूम फिरतोय."