साहेबांच्या आईचा फोन

हे बाहेर सांगायचं नाही, असं शर्वाणीमावशीने बजावलं होतं, तरी सांगते. मावशी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. प्रणालीत कोणता निरोप कुठून कुठे जाणार, हे ती ठरवते. तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मदतीची घंटा बनवत होती. कुणी पडलं आणि बटण दाबलं, की निरोप थेट शेजाऱ्यांच्या फोनवर जावा, असा मावशीचा आराखडा होता.

तिचे वरिष्ठ धारवाडकर साहेब, त्यांना तो पटेना. "आधी आपल्या कंट्रोल रूममध्ये नोंद, मग तपासणी, मग शेजारी. शिस्त नको का, मॅडम?"

"तोवर ते माणूस जमिनीवर पडून राहील, सर."

"थोड्या वेळाने काय बिघडतं?"

 शेवटची बैठक मावशीने मुद्दाम जेवणाच्या सुट्टीआधी ठेवली. साहेबांची आई रोज त्याच वेळी गावाहून फोन करायची, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. फोन वाजला आणि साहेबांनी बोलणं अर्धवट सोडून तो उचलला. "हो गं आई, जेवतोच आता."

मावशी हळूच म्हणाली, "सर, आईंचा फोन थेट तुम्हालाच कसा आला? आधी कंट्रोल रूममध्ये नोंद, मग तपासणी..."

सगळ्यांनी हसू दाबलं. साहेब मात्र हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग उठून त्यांनीच फळ्यावर घंटेपासून शेजाऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली.

निघताना ते मावशीपाशी थांबले. "पहिली घंटा आईकडे बसवा. फक्त तिचे शेजारी कोण, ते मला माहीत नाही हो. रविवारी जाऊन विचारून येतो," असं म्हणताना त्यांचा आवाज इतका... थांबा, मावशी हाक मारतेय. आले गं मावशी!