प्रार्थनेचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका, मी काही तिथे नव्हतो. एका खाडीकाठच्या गावात सलोमी नावाची बाई दोर वळायचा धंदा करायची. नवऱ्याच्या मागे तिने तो स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता.

दोर वळणं म्हणजे पोरखेळ नव्हे बरं का! नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, सहा महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची. ती कुजून मऊ झाली की बडवून काथ्या काढायचा, आणि मग उलट्या पावलांनी मागे मागे चालत त्याला पीळ घालायचा. सलोमीच्या अंगणात बाया पीळ घालताना म्हणत, "प्रभू येशू, हा दोर ज्याच्या हाती जाईल त्याला सांभाळ." म्हणून लोक त्याला प्रार्थनेचा दोर म्हणायचे.

मागणी वाढली. इतकी वाढली की सहा महिने थांबायला सलोमीला सवड उरली नाही. एकदा तिने तीन महिन्यांतच सोडणं वर काढली.

तिच्याकडची सर्वांत जुनी कामकरीण हन्नाआजी. तिने एक सोडण चाचपून पाहिलं. "अगं सलोमी, हे कच्चं आहे. असला काथ्या टिकायचा नाही."

"आजी, आपण प्रार्थना म्हणतो ना? प्रभू बघून घेईल."

"आणि त्याने तुला हात दिलेत, डोळे दिलेत, ते काय शोभेला?"

सलोमी हसली आणि कामाला लागली. नको तिथे माणसाला हसू येतं, त्याला काय करणार!

त्या काथ्याचा सर्वांत मोठा दोर खाडीवरच्या नावेसाठी गेला. खाडी रुंद आणि ओहोटीची ओढ भारी. म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला असे, आणि तो धरधरून नावाडी नाव पलीकडे नेई. दर रविवारी पलीकडची माणसं लेकराबाळांसह त्याच नावेतून उपासनेला येत. नवा दोर रविवारी सकाळी बांधायचा होता.

शनिवारी दुपारी सलोमी विहिरीवर पाणी शेंदायला गेली. तिथेही त्याच काथ्याचा दोर होता. पोहरा अर्ध्यावर आला आणि दोर तुटला. हातात राहिलेलं टोक तिने उलगडून पाहिलं, तर आतला काथ्या तुकडे तुकडे झालेला. उद्याच्या नावेतली लेकरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

खरं सांगतो, तिच्या मनात आधी भलतंच आलं. काहीतरी सबब सांगून नावेचा दोर गुपचूप परत आणावा. कोणाला कळणार होतं? पण त्या काथ्याचे दोर आणखी किती जणांच्या घरी गेले होते! तिने विहिरीच्या काठावरच गुडघे टेकले. "प्रभू, मी चुकले. सांगायचा धीर दे," एवढंच ती म्हणाली.

मग ती तडक धक्क्यावर गेली. बाजाराचा दिवस, गर्दी ही एवढी! ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हा दोर बांधू नका. माझे या खेपेचे सगळे दोर परत आणा. मी घाई केली, काथ्या कच्चा आहे."

नावाडी म्हणाला, "काहीतरीच काय, बाई! प्रार्थनेचा दोर कधी तुटतो होय?"

"ओढून बघा."

एक टोक खांबाला बांधलं आणि चार गड्यांनी दुसरं ओढलं. दोर फटकन तुटला आणि चौघे उताणे पडले. कोणीही हसलं नाही. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "माझी नातवंडं बसणार होती गं उद्या त्या नावेत." सलोमीला मान वर करता येईना.

आता नावेला दोर हवा होता. सलोमी थोमाकडे गेली. हा गावातला दुसरा दोरवाला. तो पीळ घालताना प्रार्थना मोठ्याने म्हणत नसे, म्हणून त्याला ती आजवर 'तो मुका' म्हणून चिडवायची. "थोमादादा, तुमचा दोर नावेला द्या. माझा नाही चालणार," ती म्हणाली. थोमाने दोर खांद्यावर घेतला आणि तो तिच्याबरोबर निघाला. तो बांधायला दोघांनी मिळून हात लावला.

पुढे कित्येक महिने सलोमीच्या दारात गिऱ्हाईक फिरकलं नाही. तिने नवी सोडणं पुरली आणि पुरते सहा महिने थांबली. बाया पुन्हा उलट्या पावलांनी चालू लागल्या. प्रार्थना तीच होती, पण सलोमी आता प्रत्येक पेड डोळ्यांनी तपासत होती.

एके सकाळी नावाडी दारात उभा राहिला. "बाई, नावेला दोर हवाय."

"माझा?" सलोमीचा कानांवर विश्वास बसेना. "थोमादादांचा चांगला आहे की!"

"चांगलाच आहे. पण आता दुसरी नावही सुरू करतोय. दोर वाईट निघाला तर लोक तो तुटल्यावर कारणं सांगतात. तुम्ही तुटायच्या आधी येऊन सांगितलंत."

सलोमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने पदराने डोळे पुसले, आणि दोर त्याच्या हाती द्यायच्या आधी खांबाला बांधून स्वतः ओढून दाखवला.

तात्पर्य: देवावर भरवसा ठेवणाऱ्याने कामात कसूर करू नये, आणि झालीच तर ती आपल्याच तोंडाने, वेळेवर कबूल करावी.