उंबराईच्या तिरकीवरचा पटका

मोहरवाडीतून उंबराईच्या टोकावर जायचं तर सकाळी लवकर निघावं लागतं. आधी कारवीच्या रानातली छातीवर येणारी चढण, मग उघडा कातळ, आणि धापा टाकत आता पोचलोच असं वाटतं तिथे वाट एकदम आडवी होते. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला काहीच नाही. हिला तिरकी म्हणतात. ती ओलांडली की पलीकडे देवीचं ठाणं आणि मोकळं टोक, जिथून अवघं कोकण पायाशी पसरलेलं दिसतं. चैत्राच्या जत्रेला आलात तर तिरकीच्या अलीकडे एक माणूस उभा दिसेल. लांबलचक पटक्याचं एक टोक त्याच्या मनगटाला गच्च वेढलेलं असतं आणि दुसरं तो येणाऱ्याच्या हाती देतो. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, दक्षिणा घेत नाही. शहरातले पाहुणे पाठीवरचा नायलॉनचा दोर दाखवून हसतात. हसू देत. दोर तर तेव्हाही होताच, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगतात, आणि मग कोंडाजी-गोमाची हकीगत निघते.

कोंडाजी थोरला, गोमा धाकटा. बाप होता तोवर दोघं एका ताटात जेवायचे. बाप गेला आणि झऱ्याखालचं भाताचं खाचर मध्ये आलं. भाऊबंदकीला मोठं कारण लागत नाही. एका पावसात दोघांमधला बांध खचला आणि कोंडाजीच्या बाजूला सरकला. पाण्यानं सरकवला की गोमानं, हे पाणी तर सांगणार नव्हतं. कोंडाजीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरात बायको चांगुणा रोज कान भरायची, "तुमची पोरं नेणती. उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर कारभार कुनाच्या हाती जाईल, इचार करा."

विचार कोंडाजी करतच होता. पण बापाचा नवस होता, की जत्रेच्या आदल्या दिवशी दोघा भावांनी मिळून डोंगर चढायचा आणि एकाच वातीनं देवीचा दिवा लावायचा. नवस मोडायची छाती दोघांनाही नव्हती. बोलणंचालणं बंद असलेले दोघे भाऊ त्या वर्षीही निघाले.

पुढचं सगळं कोंडाजीनंच नंतर देवीच्या पायरीवर बसून सांगितलं म्हणे, म्हणून आपल्याला ठाऊक. रीतीप्रमाणे थोरला पुढे, धाकटा मागे. पण गोमाच्या कमरेला कोयता होता. वाटेवरची कारवी तोडायला प्रत्येक जण नेतो तसाच, तरी कोंडाजीच्या पाठीला तो टोचायला लागला. शेवटी तो बाजूला झाला आणि म्हणाला, "तू हो म्होरं." गोमा पुढे झाला. मग त्याच्या पायाखालचा एक धोंडा सुटून खाली आला आणि कोंडाजीच्या घोट्याजवळून गेला. गोमा ओरडला, "दादा, संभाळ!" कोंडाजीच्या मनात आलं, की आधी धोंडा आला, मग हाक आली.

कातळाशी गोमानं पाण्याचा भोपळा पुढे केला. कोंडाजीच्या घशाला कोरड पडली होती, पण तो म्हणाला, "तहान न्हाई."  गोमा आधी स्वतः पाणी प्यायला आणि भोपळा पुन्हा पुढे केला. तरीही कोंडाजीनं तो घेतला नाही. संशयाला एकदा बसायला पाट दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही.

तिरकीशी आले तर मागच्या पावसानं वाटेचा लचका तोडलेला. पाऊल मावेल एवढीच जागा उरली होती. गोमानं हात पुढे केला, "दे हात." कोंडाजी कड्याला पाठ लावून उभा राहिला. हात काही दिला नाही. तेव्हा गोमाला सगळं उमगलं असावं. तो चिडला नाही. डोक्याचा पटका सोडून त्यानं एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं भावाच्या हाती दिलं.

"मी आधी जातो," तो म्हणाला. "माझा जीव तुझ्या हाती. मनगटाला वेढे घाल, कातळाला पाय रोव नि धर. मग तर झालं?"

खरं तर झालंच होतं. एवढं बोलल्यावर दगडालाही पाझर फुटला असता. पण कोंडाजीचं मन भलतीकडेच धावलं. मनगटाला वेढे घातले आणि यानं पलीकडून हिसका दिला तर? आपण सुटणार कसे? त्यानं पटका नुसता मुठीत घेतला, हवा तेव्हा सोडता येईल असा.

तिरकीच्या मधोमध गोमानं मागे न बघता विचारलं, "दादा, धरलंस न्हवं?"

"धरलं," कोंडाजी म्हणाला.

गोमानं पुढचं पाऊल टाकलं आणि पायाखालचा दगड निखळला. पटका मुठीतून सरसरत निघाला. कोंडाजीनं सगळा जीव एकवटून मूठ आवळली, तेव्हा मूठ रिकामी होती.

तो एकटाच खाली आला. पटका निसटला, एवढंच बोलला. लोक जमत गेले, कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे ढकलला, कुणी म्हणे सोडला. तेव्हा गोमाची बायको पारू पुढे आली. थोरल्या दिरासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती. तिनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला, उलटा केला आणि मनगट पाहिलं. माणसाचा भार पटक्यावर येतो तेव्हा वेढ्याखालची कातडी सोलून निघते. ते मनगट सकाळी होतं तसंच होतं.

"वळ कुठं हाय?" तिनं विचारलं.

 कोंडाजी तिथेच बसला आणि ऊर फुटेस्तोवर रडला. खाचर त्यानं पारूच्या पोराच्या नावे केलं, पण खाचर कुणी मागितलं होतं?

पुढच्या जत्रेला तो पहाटेच तिरकीवर जाऊन उभा राहिला, मनगटाला पटका वेढून. आधी कुणी जवळ येईना. भाऊ घालवलेल्याच्या हाती आपला जीव कोण देणार? शेवटी एक आंधळी म्हातारी आली. तिला कोण उभं आहे ते ठाऊक नव्हतं, तिनं टोक धरलं आणि पार झाली. तिच्या मागून बाकीचे आले. दुपारी पारू आली, पोर पाठीशी बांधून. कोंडाजीनं पटका पुढे केला. ती त्याच्याकडे न पाहता, कड्याला बोटं रुतवत, एकटी पलीकडे गेली.

जत्रा उतरल्यावर तो तिच्या अंगणात गेला आणि सुजलेलं, सोललेलं मनगट पुढे केलं. पारूनं ते नीट पाहिलं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि आत गेली. तो मरेपर्यंत दर साली हेच झालं, असं सांगतात.

आजही तिरकीवर थोरल्या घरचाच माणूस उभा राहतो, आणि संध्याकाळी धाकट्या घरच्या अंगणात जाऊन हात पुढे करतो. घरची बाई वळ पाहते, पाणी ओतते. किती पिढ्या झाल्या, दोन्ही घरांत आता सगळं गोडीगुलाबीचं आहे. पण धाकट्या घरच्या बाईनं तो पटका कधी धरला नाही. ती तिरकीवर आली की थोरल्या घरचा माणूस मनगटावर आणखी एक वेढा चढवतो, कातळाला पाय रोवतो आणि मोकळं टोक पुढे धरून, ती पलीकडे पोचेपर्यंत तसाच उभा राहतो.