उरलेले वीस टक्के

"शंभर टक्के का होत नाही, बाबा?"

विचारणारा हेरंब गोडांबे. स्वतः इंजिनिअर बरं का, तोही विजेचा! आणि विचारतोय कुणाला, तर दर्ग्याच्या आवारात भात रांधणाऱ्या दादामियाँ फकिराला.

पण माणूस रडकुंडीला आला होता. शेजारच्या माळावर त्याची घरगाडी उभी होती, ओट्यापलंगासकट. आत त्याचे म्हातारे वडील, अप्पा. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, म्हणून रात्रभर नाकाला यंत्र लागतं. ते चालतं गाडीच्या बॅटरीवर. ती भरायला सकाळी सातपासून जनरेटर धडधडत होता.

"दोन तासांत ऐंशी टक्के झाली. पुढचे दोन तास नुसती मुंगीच्या पावलानं चाललीय. पेट्रोल संपत आलं. मोठा जनरेटर आणायला हवा होता, तिथंच चुकलं माझं."

दादामियाँनी झाकण काढलं. हंड्यातलं एक शीत चेपून पाहिलं. मग चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि पाणी मारून विझवली.

"अहो, भात कच्चा असेल अजून!"

"आहे ना."

त्यांनी झाकण ठेवलं. झाकणावर चार निखारे ठेवले.

"मग जाळ वाढवा की!"

"खाली करपेल. वर कच्चाच राहील."

...

हेरंबला काही कळेना. रागही आला. इथं अप्पांचा जीव टांगणीला, आणि हे मला भात शिकवतायत!

पण कान जनरेटरकडे गेले. धड धड धड... हाही मोठा जाळच की!

तो उठला. गाडीपाशी जाऊन घुटमळला. शेवटी बटण दाबलं, तसा माळ एकदम गप्प झाला.

"बंद केला," परत येऊन तो म्हणाला. बरोबर केलं की चूक, त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. "पेट्रोल वाचलं, खरंय. पण बाबा, उरलेले वीस टक्के कोण भरणार?"

दादामियाँनी गाडीकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माळावर वडाचं एकच झाड, आणि पठ्ठ्यानं गाडी नेमकी त्याच्याखाली घातलेली. टपावरच्या सोलर पॅनेलवर पानांचा थर साचला होता. बाकी सगळीकडे अकराचं ऊन रणरणत होतं.

"बोला ना, बाबा... कोण भरणार?"

"बेटा, आधी सावली सोड."